मोठ्या खोलीतली ट्यूब

मित्रांनो, आधीच सांगते, मी टूथपेस्ट नाही. पुष्कळ जण फसतात. मी उन्हापासून चेहरा सांभाळणाऱ्या क्रीमची एक जुनी ट्यूब आहे. पोट थोडंसं रिकामं, टोपणाला चीर गेलेली, आणि पाठीवर छापलेली तारीख कधीच टळून गेली आहे. कुणी शहाण्या माणसानं मला हातात घेतलं तर तो आधी तारीख बघेल आणि मग मला कचऱ्यात टाकेल. त्याआधी माझं काय ते सांगून घेते.

माझा जन्म इटलीतल्या एका कारखान्यात झाला. मोठ्या पातेल्यांत तेल, पाणी आणि जस्ताची पांढरी पूड घुसळली जायची आणि ते लोणी आमच्या पोटात भरलं जायचं. मग तोंडावर चांदीचा कागद चिकटवायचा, वर टोपण बसवायचं. मी दिसायला छान होते हो. पांढरं अंग, त्यावर सोनेरी सूर्य. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की रोज सकाळी दोन बोटं क्रीम चेहऱ्याला लावा, बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा लावा, त्वचा तरुण राहील. हे वचन छापखान्यानं दिलेलं होतं, मी नव्हे. पण मी ते मनावर घेतलं.

पादोवा शहरातल्या एका औषधाच्या दुकानातून मला रोदिकानं विकत घेतलं. रोदिका मूळची मोल्दोवाची. तिथल्या एका खेड्यात तिची आई द्राक्षमळ्यात काम करायची, आणि ती स्वतः इथे सिन्योरा अदेले नावाच्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायची. पादोवात अशा कितीतरी जणी आहेत. आपली आई गावी ठेवून दुसऱ्याची आई सांभाळतात.

न्हाणीघरातल्या फळीवर माझ्या शेजारी माझीच एक बहीण उभी होती. ती सिन्योराबाईंची. रोज वापरून वापरून तिचं अंग चपटं झालं होतं, शेपटीकडून गुंडाळत आणलेलं होतं. मला तिची कीव यायची. काय ही दशा, असं वाटायचं. आता सांगते, तिच्यासारखी भाग्यवान तीच.

रोज सकाळी रोदिका सिन्योराबाईंना खुर्चीत बसवायची आणि म्हणायची, "डोळे मिटा." बाई डोळे मिटायच्या. मग कपाळ, नाक, गाल, हनुवटी, आणि शेवटी कानांमागे. रोदिकाची बोटं इतकी हलकी फिरायची की बाईंना कधीकधी तिथेच डुलकी लागायची. बाईंनी ऐंशी कधीच ओलांडली होती, पण गाल अजून तुकतुकीत होते.

"तरुणपणी माझ्या मैत्रिणी समुद्रावर दिवसभर भाजून घ्यायच्या," बाई सांगायच्या. "मला चिडवायच्या, छत्रीखालची राणी म्हणून. आता बघ, सगळ्यांच्या मनुका झाल्यात."

रोदिका हसायची. एका रविवारी मात्र तिला हसता आलं नाही. मी तेव्हा अजून दुकानातच होते, हे मला बहिणीनं सांगितलं. त्या रविवारी रोदिका फोनवर आईशी बोलत होती, पडद्यावर आईचा चेहरा होता, आणि सिन्योराबाईंनी मागून डोकावून विचारलं, "ही तुझी आजी का गं?"

"नाही. आई आहे."

"हो का? छान आहे हं," बाई घाईघाईनं म्हणाल्या. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. रोदिकाची आई सिन्योराबाईंपेक्षा पुरती वीस वर्षांनी लहान होती.

"काय म्हणाली गं ती बाई?" पडद्यातून आईनं विचारलं. तिला इटालियन येत नव्हतं.

"म्हणाली, तुझी आई छान आहे," रोदिका म्हणाली आणि फोन जरा तिरका धरला, म्हणजे आपले डोळे दिसू नयेत.

दुसऱ्या दिवशी तिनं मला घेतलं. तिच्या मनातलं मला चांगलं ठाऊक आहे, कारण मला टॉवेलात गुंडाळताना ती पुटपुटत होती. तिला गाव सोडून बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला कागदपत्रं नव्हती म्हणून जाता येईना, कागदपत्रं झाली तर बाईंना एकटं सोडता येईना. इकडे आई दर रविवारी पडद्यावर थोडी थोडी म्हातारी होत होती. "अशीच राहा गं आई, मी येईपर्यंत," असं ती टॉवेलाला सांगत होती. मित्रांनो, मला सोपवलेलं काम एवढंच होतं. लेक येईपर्यंत आईचा चेहरा होता तसा ठेवायचा.

रविवारी सकाळी स्टेशनामागच्या मैदानावर मोल्दोवाच्या गाड्या उभ्या राहतात. सगळ्या बायका खोकी घेऊन तिथे जमतात, खोक्यांवर बसून गप्पा मारतात, रडतात, घरून आलेलं चीज आणि अक्रोड तिथेच वाटून खातात. रोदिकानं आमचं खोकं ग्रिगोरे ड्रायव्हरच्या हाती दिलं. आत कॉफी होती, ऑलिव्हचं तेल होतं आणि मी होते.

"आईच्याच हातात दे हं, ग्रिगोरे."

"नाही तर काय पाद्र्याच्या हातात देईन? दर वेळी तेच सांगतेस."

"आणि सांग तिला, ट्यूब आहे ती रोज लावायची. ठेवून द्यायची नाही."

"सांगतो. पण माझी आई कुणाचं ऐकत नाही, तुझी ऐकेल?"

अगाफियानं, म्हणजे रोदिकाच्या आईनं, मला टॉवेलातून काढलं तेव्हा मी पहिल्यांदा तो चेहरा जवळून पाहिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. कपाळावर रुमालाच्या रेषेपर्यंत काळसर तांबूस, रुमालाखाली एकदम गोरं. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांच्या बारीक जाळ्या. गालांवर डाग. आयुष्यभर द्राक्षांच्या ओळींत वाकून काम केलेलं, तर आणखी काय होणार? पण डोळे हसरे होते. तिनं माझं टोपण काढलं, चांदीच्या कागदाला हात लावला नाही, वरूनच वास घेतला आणि टोपण पुन्हा लावलं.

शेजारची दोम्निका तिथेच बसली होती. दोघींचे मळे लागून, कुंपण एक, आणि जीभही दोघींची सारखीच तिखट.

"उघड की. बघू तरी, इटलीचं लोणी कसं असतं."

"वेडी का तू? इतकी चांगली वस्तू मळ्यात नेऊन घामात घालवू?"

"मग काय करणार तिचं?"

"ठेवीन. लागेल तेव्हा लागेल."

आणि अगाफिया मला मोठ्या खोलीत घेऊन गेली.

त्या गावात प्रत्येक घरात एक मोठी खोली असते. ती वापरायची नसते. घरची माणसं स्वयंपाकघरालगतच्या लहान खोलीत जेवतात, झोपतात, भांडतात. मोठ्या खोलीत आजीनं विणलेले गालिचे, आंदणातल्या उशा, देवाची तसबीर आणि काचेचं कपाट असतं. पाहुणा आला, लग्न ठरलं, नाहीतर घरात कुणी गेलं, तरच ती उघडते. माझी जागा कपाटात, बिलोरी पेल्यांच्या शेजारी. त्या पेल्यांतून कुणी कधी काही प्यायलेलं नव्हतं.

सुरुवातीला मी हुरळून गेले. काय हा मान, असं वाटलं. कुणी शेजारीण आली की अगाफिया दार किलकिलं करून मला दाखवायची. "रोदिकानं पाठवलंय. तिकडच्या मोठ्या घरच्या बायका हेच लावतात." शेजारणी मान डोलवायच्या. मी पोट पुढे काढून उभी राहायची.

पण हळूहळू मला तो मान टोचायला लागला. त्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असायचे. का, तर उन्हानं गालिच्यांचे रंग उडू नयेत. रोज सकाळी मला फाटकाची कडी वाजलेली ऐकू यायची. अगाफिया रुमाल बांधून, खांद्यावर कुदळ टाकून उन्हात निघालेली असायची. गालिचे सावलीत आणि ती उन्हात. ज्या उन्हाशी भांडायला मला बनवलं, त्या उन्हाचा कवडसासुद्धा माझ्यापर्यंत येत नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं बाई, ने की मला बरोबर. पण ट्यूबचं कोण ऐकणार?

रविवारी तेवढे पडदे सरकायचे. फोनला रेंज त्या खिडकीतच यायची. आणि रविवारी अगाफिया एक गंमत करायची. फोन यायच्या आधी वाटीत आंबट साय घ्यायची आणि खसाखसा तोंडाला चोळायची. मग पुसून टाकायची. चेहरा थोडा वेळ चमकायचा.

"मांजर चाटेल गं तोंड," दोम्निका म्हणायची.

"चाटू दे. तू गप्प बस, फोन येईल."

पडद्यावर रोदिका आली की म्हणायची, "आई, फरक दिसतोय गं. लावतेस ना रोज?"

"लावते की. रोज सकाळी. दोन बोटं."

"कानामागेसुद्धा?"

"कानामागेसुद्धा. आता म्हातारपणी माझं लग्न लावतेस का काय?"

मी कपाटातून ऐकत राहायची. रोदिका खूश व्हायची. विचारायची, "अजून काही पाठवू का?" अगाफिया म्हणायची, "काही नको. सगळं पोचलंय." मग जरा थांबायची. ओठ हलायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं. पण ती म्हणायची, "कोबी छान झालाय यंदा," आणि कोबीवरच फोन संपायचा. तिच्या ओठांवर काय असायचं ते मला ठाऊक होतं, दोम्निकालाही ठाऊक होतं. पण लेकीच्या गळ्यात ओझं घालायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

दर वर्षी ईस्टरला येते म्हणून रोदिका सांगायची. त्या वर्षी तर तिकीटही काढलं होतं. अगाफियानं भिंतींना चुना दिला, मोठ्या खोलीचे पडदे उघडले, गालिचे झटकले, गोड पाव भाजला, अंडी लाल रंगवली. मला काचेमागून काढून पुसलं आणि खिडकीत उभं केलं. "ती आली की तिच्यासमोर उघडीन," ती दोम्निकाला म्हणाली. मी आयुष्यात तेवढी आनंदात कधी नव्हते.

आदल्या आठवड्यात सिन्योराबाई पडल्या. कंबरेचं हाड मोडलं. त्यांना रोदिकाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालेना. रोदिका फोनवर रडत होती, आणि अगाफिया इकडून तिची समजूत काढत होती. "अगं, म्हातारं माणूस आहे. तू नाही तर कोण बघणार तिला? पुढच्या वर्षी ये."

ईस्टरच्या जेवणाला तिकडे दोघांनी दोन अंडी एकमेकांवर आपटायची असतात. ज्याचं फुटणार नाही तो जिंकला. अगाफियानं एक अंडं एका हातात घेतलं, दुसरं दुसऱ्या हातात, आणि आपटलं. मग दोन्ही सोलून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दोम्निका आली तेव्हा मी अजून खिडकीतच होते.

"आता तरी लाव ती," दोम्निका म्हणाली. "कुणासाठी ठेवलीयस?"

अगाफियानं पडदे ओढले. पलंगाखालची लाकडी पेटी बाहेर ओढली. त्या गावात प्रत्येक म्हातारी आपलं शेवटचं, दफनाच्या दिवसाचं गाठोडं स्वतःच बांधून ठेवते, त्यात लपवाछपवी नसते. अगाफियाच्या गाठोड्यात निळा पोशाख होता, नवीन बूट होते, फुलांचा रुमाल, मेणबत्त्या, टॉवेल. तिनं मला रुमालावर ठेवलं.

"अगाफिया, हे काय?"

"ती कोणत्या दिवशी नक्की येईल, सांग बघू."

दोम्निकानं छातीवर क्रूसाची खूण केली.

"त्या दिवशी तिला कुणी सुट्टी नाही म्हणणार नाही. म्हणून त्या दिवशी मी बरी दिसायला हवी. त्या बाईनं एकदा फोनमध्ये डोकावून काहीतरी विचारलं होतं. मला त्यांची भाषा कळत नाही, पण माझ्या पोरीचं तोंड कळतं. माझ्या चेहऱ्यासाठी ती रडली गं. पुन्हा रडायला नको." मग गाठ मारता मारता म्हणाली, "रडेल म्हणा. पण चेहऱ्यासाठी नको."

मित्रांनो, पेटीचं झाकण बंद झालं. आत किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही. अंधारात तेल आणि पाणी वेगवेगळं व्हायला लागतं, एवढं मला माझ्या पोटावरून कळत होतं.

झाकण उघडलं तेव्हा उन्हाळा होता आणि समोर दोम्निका होती. नाक ओढत होती. अगाफिया मळ्यातली एक ओळ संपवून पाणी प्यायला अक्रोडाच्या झाडाखाली बसली होती, ती उठलीच नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मला लावलं असतं तर ती वाचली असती, असं मी मुळीच म्हणणार नाही. मी चेहऱ्याची राखण करते, हृदयाची नाही.

गावच्या बायकांनी तिला अंघोळ घातली, निळा पोशाख घातला आणि मोठ्या खोलीत, गालिच्यांच्या मधोमध ठेवलं. पडदे सताड उघडे होते. लेकीनं हे काही करायचं नसतं, अशी तिकडची रीत. मला मात्र दोम्निकानं खिडकीत बाजूला उभं केलं.

रोदिका विमानानं दफनाच्या दिवशी सकाळी पोचली. दारातून आत आली आणि आईपाशी उभी राहिली. रडली नाही. नुसती बघत राहिली. पडद्यावर चेहरा हाताएवढा दिसतो, त्यात पुष्कळ काही मावत नाही. इतक्या वर्षांच्या सगळ्या रेषा ती एकदमच बघत होती.

"ही तुझ्यासाठी ठेवलीय," दोम्निकानं मला तिच्या हातात दिलं.

रोदिकानं मला हातावर तोललं. टोपण काढलं. चांदीचा कागद जसाच्या तसा होता.

"दोम्निका मावशी, ही तर भरलेली आहे. रोज लावते म्हणायची."

"साय लावायची गं. रविवारी, तुझा फोन यायच्या आधी."

"मग ही कुणासाठी ठेवली?"

दोम्निकानं सांगितलं. पेटीजवळ अगाफिया जे बोलली होती ते सगळं, शब्द न गाळता. रोदिका खाली बसली. दारात पाद्री येऊन थांबले होते, अंगणात माणसं उभी होती.

"ऊठ पोरी," दोम्निका म्हणाली. "बाहेर ऊन चढलंय. तिला उघड्या तोंडानं न्यायचंय."

रोदिकानं नखानं माझा चांदीचा कागद फोडला. आधी थोडं तेलकट पाणी आलं, मला लाज वाटली. मग क्रीम आलं. तिनं ते दोन बोटांवर घेतलं, आईवर वाकली आणि म्हणाली, "डोळे मीट, आई."

खोलीतल्या बायकांना वाटलं, दुःखानं भान गेलं. मला ठाऊक होतं, ती सवय होती. रोज सकाळी दुसऱ्याच्या आईला जे म्हणायची ते तिच्या तोंडून आपोआप आलं होतं. आणि मग, तेव्हा कुठे, ती रडली.

पण हात थांबले नाहीत. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. मी त्या थंड चेहऱ्यावर पसरत गेले. सुरकुत्यांत मी पांढरी राहत होते, तर ती अंगठ्यानं एकेक सुरकुती पुसत होती. शेवटी तिनं फुलांचा रुमाल जरासा सरकवला आणि कानांमागे लावलं. "आमची अगाफिया कशी नवरीसारखी दिसतेय," मागून एक म्हातारी म्हणाली.

मी रोदिकाच्या खिशात होते. स्मशान टेकडीवर, आणि वाटेत प्रत्येक वळणावर थांबून प्रार्थना म्हणायची असते, त्यामुळे वेळ लागला. घंटा वाजत होती. उघड्या शवपेटीत अगाफियाच्या तोंडावर रणरणतं ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाच्या आणि तिच्या मध्ये मी होते. ज्या कामासाठी मला बनवलं ते मी त्या दिवशी केलं, अगदी छापल्याप्रमाणे. टेकडीवर पोचल्यावर पाद्र्यांनी तिच्यावर तेल आणि वाइन शिंपडली, झाकण लावलं. पुन्हा लावायची गरज उरली नाही.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालून रोदिका परत गेली. सिन्योराबाई वाट बघत होत्या. जाताना तिनं मोठ्या खोलीचे पडदे उघडेच ठेवले, उडू देत गालिच्यांचे रंग म्हणाली. मला तिनं दोम्निकाला दिलं. "मावशी, रोज लाव. मला शब्द दे."

"लावीन गं, लावीन," दोम्निका म्हणाली.

आणि तिनं मला नेऊन कुठे ठेवलं असेल? तिच्या मोठ्या खोलीत, काचेच्या कपाटात. अगाफियाची आठवण म्हणून. आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

मित्रांनो, माझी तारीख टळलीय, आता माझ्यात दम नाही. पण माझ्या बहिणी दुकानादुकानांत उभ्या आहेत. त्यांना घरी आणाल तर रोज सकाळी लावा, सणाची वाट बघू नका. कान आणि मान विसरू नका. गालिचा जितका जपता तितकं तरी स्वतःला जपा. आणि कुणी लांबून तुम्हाला काही पाठवलं असेल तर ते आजच उघडा. ते तुमच्या कपाटासाठी पाठवलेलं नाही, तुमच्यासाठी पाठवलंय.

गेल्या रविवारी दोम्निकाच्या मुलाचा फोन आला. तो आयर्लंडमध्ये घरं बांधायच्या कामावर आहे. ती त्याच्याशी बोलत खिडकीत उभी होती. हवा, मळा, कोबी सगळं झालं.

"आई, काही पाठवू का?" त्यानं विचारलं.

"काही नको," दोम्निका म्हणाली. "सगळं पोच..." आणि थांबली. काचेतून माझ्याकडे बघत राहिली. पलीकडून "आई? ऐकू येतंय का?" असं चाललं होतं.

"येतंय," ती म्हणाली. "काही पाठवू नकोस. तू ये."